बाटली वितळत नाही, आक्रसते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पॉलिएस्टरवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती वितळते. न वितळणारी का नाही बनवत?"

मुळात ती वितळतच नाही. पेट, म्हणजे बाटलीचं पॉलिएस्टर, वितळतं २५० अंश सेल्सियसच्या आसपास. बाटली मात्र ७५-८० अंशांनाच मान टाकते, आम्ही ज्याला टीजी (काचसंक्रमण तापमान) म्हणतो तिथे. त्याखाली रेणूंच्या साखळ्या जखडलेल्या असतात. टीजी ओलांडला की त्या हलू लागतात, बाटली फुगवताना ताणलेल्या साखळ्या आखडतात आणि बाटली वेडीवाकडी होते.

मग टीजीच वर न्यायचा. त्यासाठी साखळीत ताठ तुकडे घालायचे. पेटमधल्या टेरेफ्थॅलिक आम्लाच्या जागी नॅप्थलीनवर आधारलेलं आम्ल घेतलं तर पीईएन नावाचं पॉलिएस्टर मिळतं, टीजी सुमारे १२० अंश. छान आहे, पण महाग. स्टार्चपासून काढलेलं आयसोसॉर्बाइड थोडं मिसळलं तरी टीजी चढतो, पण ते अभिक्रियेत भारी आळशी. जास्त वेळ तापवावं लागतं आणि माल पिवळा पडतो.

रिॲक्टरचा शेवटचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. २८० अंशांच्या आसपास तापमान, व्हॅक्यूम लावून साखळ्या जुळताना सुटणारं ग्लायकॉल बाहेर ओढायचं आणि नजर ढवळणीच्या टॉर्कवर, म्हणजे ती फिरवायला लागणाऱ्या जोरावर, ठेवायची. टॉर्क चढतोय तोवर साखळ्या लांबतायत. तो उतरायला लागला तर तुटू लागल्या. त्याआधीच नायट्रोजनचा दाब देऊन वितळलेला माल धाग्यासारखा पाण्यात सोडायचा.

टीजी मोजायच्या चाचणीला ५-१० मिलिग्रॅम पुरतात. ॲल्युमिनियमच्या इवल्याशा पॅनमध्ये घालून डीएससीत, म्हणजे तापताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रात, मिनिटाला १० अंशांनी तापवायचे. पहिल्या फेरीत नमुना कसा थंड झाला होता त्याचा इतिहासच जास्त दिसतो, म्हणून तुलनेसाठी टीजी दुसऱ्या फेरीतला घ्यायचा. तो आलेखात नुसती बारीक पायरी असतो, घाईत सहज निसटतो.

"आमचं पॉलिएस्टर २०० अंश सोसतं" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, किती भाराखाली? काचतंतू भरलेलं स्फटिकी पेट १.८ मेगापास्कल भाराखालीही २०० च्या वर जातं, टीजी मात्र जवळपास साध्या पेटइतकाच. आणि ते अपारदर्शक असतं, बाटलीच्या कामाचं नाही.

गरम रस भरायच्या बाटल्या बहुतेक साध्या पेटच्याच असतात. तापवलेल्या साच्यात धरून त्यांच्या भिंतीत बारीक स्फटिक वाढवतात. ८५ अंशांचा रस त्या सोसतात, उकळतं पाणी नाही.