व्हाइस सिटी, वस्ती-वस्तीने: शंभर टक्क्यांच्या सेव्हची नोंदवही

ही नोंद २००२ च्या मूळ 'ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी' या व्हिडिओ गेमची, त्यातलं प्रत्येक काम पूर्ण करून शंभर टक्के गाठण्याची. पीसीची आवृत्ती, मॉड नाही, चीट नाही. १९८६ सालातलं, मायामीवर बेतलेलं शहर: पूर्वेला समुद्रकिनाऱ्याचं बेट, पश्चिमेला बंदर, विमानतळ आणि गच्चीवाल्या इमारती, मध्ये लहान बेटं. शंभर टक्क्यांसाठी मिशनांशिवाय १०० लपवलेली पॅकेजं, ३५ रॅम्पेज (ठरलेल्या वेळात करायची मारधाड), ३६ स्टंट जंप (ठरलेल्या जागांवरून गाडीने घ्यायच्या उड्या) आणि १५ दुकानांची लूट लागते. बरेच जण हे प्रकाराप्रमाणे करतात, म्हणजे आधी सगळी पॅकेजं, मग सगळ्या जंप. त्यात एकच पूल पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो आणि कुठलीच वस्ती धड ओळखीची होत नाही. इथे क्रम उलटा आहे. एक वस्ती धरायची, तिथलं सगळं उरकायचं, सेव्ह करायचं, मगच पुढे जायचं.

सुरू करण्याआधी

डिस्प्लेच्या सेटिंगमधला फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची मर्यादा, चालू ठेवा. बंद केला की चित्र गुळगुळीत दिसतं, पण या खेळात गाड्यांचं वागणं फ्रेमच्या वेगाला बांधलेलं आहे. नव्या मशीनवर लिमिटर काढला की ब्रेक आणि गाडीचा तोल विचित्र वागायला लागतो, आणि जंप का फसली ते शेवटपर्यंत कळत नाही.

सेव्हच्या आठ जागा मिळतात, सगळ्या वापरा. त्यातली एक पूल उघडण्याआधीच्या स्थितीसाठी कायमची राखून ठेवा. कारण पुढे येईल. सेव्ह केलं की घड्याळ सहा तास पुढे जातं. खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे अख्खा दिवस २४ मिनिटांत संपतो. हा हिशेब पाठ असला की डाउनटाउनमध्ये फार कामाला येतो.

ओशन बीच आणि वॉशिंग्टन बीच

इथून हलायची घाई करू नका. पूर्ण खेळात सर्वात जास्त फायदा याच पट्ट्यात आहे आणि तो पहिल्या काही मिशनांनंतरच घेता येतो.

पहिलं काम अँब्युलन्सचं. अँब्युलन्समध्ये बसून कॅप्स लॉक दाबलं की पॅरामेडिक, म्हणजे रुग्णांना वेळेत इस्पितळात पोहोचवायचं काम, सुरू होतं. पहिल्या पातळीला एक रुग्ण, दुसरीला दोन, असं बाराव्या पातळीला बारा, एकूण ७८. बारा पातळ्या एका दमात पूर्ण केल्या की टॉमी, म्हणजे आपण खेळतो तो नायक, पळताना कधीच दमत नाही, आणि पुढची प्रत्येक पायी मोहीम त्यामुळे सोपी होते. पातळी अर्धवट सोडून सेव्ह करता येत नाही. गाडीतून उतरलात की काम संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अँब्युलन्समध्ये एका वेळी तीनच रुग्ण मावतात, म्हणून चौथ्या पातळीपासून खेळ गाडी चालवण्याचा राहत नाही, फेऱ्या आखण्याचा होतो. सुरुवात होताच रडारवरचे ठिपके बघा आणि त्यांचे तिघातिघांचे गट पाडा. गट दिशेने पाडायचे, जवळ-लांब बघून नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावरचे तिघे एका फेरीत, उत्तरेकडचे तिघे दुसऱ्या. जवळचा एक आणि लांबचे दोन अशी सरमिसळ केली की शेवटच्या फेरीत एकटा रुग्ण टोकाला उरतो आणि घड्याळ तिथेच संपतं.

फसतं मुख्यतः दोन कारणांनी. गाडी उंच आणि वर जड आहे. पूर्ण वेगात हँडब्रेक मारून वळवली की उलटते, मग पेटते. वळणाआधी वेग उतरवा, हँडब्रेक फक्त सरळ थांबायला वापरा. दुसरं म्हणजे रुग्णाच्या अगदी अंगावर गाडी नेणं. तो स्वतः चालत दाराकडे येतो. गाडीच्या पुढ्यातून येत असताना जरा जरी धक्का लागला तर गेला. त्याच्या अलीकडे, गाडी रस्त्याला समांतर ठेवून थांबा आणि दार लागेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावू नका.

हे पूल बंद असतानाच करायचं. वादळाच्या इशाऱ्यामुळे पश्चिमेकडचे पूल बंद असतात तोवर सगळे रुग्ण याच सपाट, रुंद रस्त्यांच्या बेटावर मिळतात. शिवाय टोळ्यांशी वैर सुरू झालेलं नसतं, त्यामुळे वाटेत गोळ्याही खाव्या लागत नाहीत. वर सांगितलेली राखीव सेव्ह याचसाठी. 'नॉम पेन्ह ८६' हे मिशन झालं की पूल उघडतात आणि ही शांतता संपते.

याच भागात ३सी क्रमांकाची खोली आहे. आत बाथरूममध्ये रक्ताचा सडा आणि चेनसॉ पडलेली. ती पहिल्यापासून उचलता येते, म्हणून २० पॅकेजांचं बक्षीस चेनसॉ असल्याचं फार मनावर घेऊ नका.

व्हाइस पॉइंट

इथलं मोठं काम पिझ्झाचं. वेल स्टॅक्ड पिझ्झाच्या दारातली स्कूटर घ्यायची. फेऱ्या दहा, पहिल्या फेरीला एक गिऱ्हाईक आणि दहावीला दहा. एकदम सहाच पिझ्झा बरोबर नेता येतात, म्हणून सातव्या फेरीपासून दुकानात परत यावं लागतं. पूर्ण झालं की जीव १०० वरून १५० होतो.

पिझ्झा फेकायचा म्हणजे चालत्या गाडीवरून गोळी झाडतो तसं: आधी डावीकडे किंवा उजवीकडे बघायचं, मग फायर. वेगात फेकला की पिझ्झा गिऱ्हाइकाच्या पुढे जाऊन पडतो आणि फुकट जातो. गिऱ्हाइकाच्या बाजूने जाताना वेग चालण्याइतका आणा, तो बरोबर बाजूला आला की फेका. सातवी ते दहावी फेरी करताना आधी दुकानापासून लांबचे सहा संपवा आणि जवळचे उरलेले दुसऱ्या खेपेला ठेवा. उलट केलं तर दुसरी खेप लांबची होते आणि वेळ पुरत नाही.

नॉर्थ पॉइंट मॉल पायीच फिरा. पॅकेज, दुकानं, शस्त्रांचं दुकान, सगळं एका छपराखाली आहे. दुकान लुटताना गल्ल्यावरच्या माणसावर बंदूक रोखून धरली की पैसे टप्प्याटप्प्याने पडतात. जास्त थांबाल तितके पैसे जास्त आणि पोलिसांचे तारेही (पोलीस किती मागे लागलेत त्याची खूण) जास्त. मोजणीत दुकान यावं एवढाच हेतू असेल तर लोभ नको. आधी पॅकेजं उचला आणि लुटीचं काम सर्वात शेवटी ठेवा, म्हणजे तारे लागले की सरळ बाहेर पडता येतं.

पॅकेजांबद्दल

हिरवट मूर्तीसारखी दिसतात, प्रत्येकी १०० डॉलर. दर दहा पॅकेजांना बक्षीस: १० ला चिलखत, २० ला चेनसॉ, ३० ला पायथन रिव्हॉल्व्हर, ४० ला फ्लेमथ्रोअर, ५० ला स्नायपर, ६० ला मिनीगन, ७० ला रॉकेट लाँचर. ८० झाली की स्टारफिश बेटावरच्या हवेलीत सी स्पॅरो हेलिकॉप्टर, ९० ला फोर्ट बॅक्स्टरवर ऱ्हायनो रणगाडा आणि १०० ला तिथेच हंटर हेलिकॉप्टर. खरी किंमत ८० च्या टप्प्याला आहे. टॉमीला पोहता येत नाही, पाण्यात पडला की खेळ संपला. सी स्पॅरो मात्र पाण्यावर उतरतं. त्यामुळे किनाऱ्याकडेच्या आणि गच्चीवरच्या अडचणीच्या जागा ८० पॅकेजं होईपर्यंत मागे ठेवायला हरकत नाही. मूळ खेळाच्या नकाशावर पॅकेजांची खूण येत नाही. कागदावर वस्तीचं नाव आणि खाणाखुणा लिहून खोडत जाणं हाच भरवशाचा मार्ग.

लिटल हवाना, लिटल हेती आणि सनशाइन ऑटोज

'शेकडाउन' मिशननंतर धंदे विकत घेता येतात. भावाला भुलून स्वस्त ते आधी घेऊ नका, रोजची मिळकत भागिले किंमत बघा. बोटयार्ड १०,००० ला मिळतं आणि दिवसाला २,००० देतं: पाच दिवसांत वसूल. सनशाइन ऑटोज हे गाड्यांचं दुकान ५०,००० चं, पण तिथे आणून द्यायच्या गाड्यांच्या चारही याद्या पूर्ण झाल्यावर ९,००० देतं: सहा दिवसांच्या आत. मालिबू क्लब १,२०,००० चा, मिळकत १०,०००, म्हणजे बारा दिवस. मालिबूची मिशनं छान आहेत, पण पैशाच्या घाईत तो शेवटी घ्यावा. मिळकत ठरलेल्या आकड्यावर थांबते, वर साठत नाही, म्हणून एक फेरी आखून रोज गोळा करत जा.

सनशाइन ऑटोजच्या चार याद्या म्हणजे या खेळातलं सर्वात सुंदर काम, कारण शहराची ओळख असल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. प्रत्येक यादीत सहा गाड्या. तिसरी यादी श्रीमंतांची आहे: चीटा, इन्फर्नस, बॅन्शी, फिनिक्स, कॉमेट, स्टिंगर. या किनाऱ्याच्या रस्त्यावर आणि स्टारफिश बेटाच्या आसपास शोधायच्या. एक युक्ती चालते. ज्या मॉडेलच्या गाडीत आपण बसलेलो असतो तेच मॉडेल रहदारीत वारंवार दिसतं, कारण ते आधीच मेमरीत असतं. म्हणून हवी ती गाडी दिसत नसेल तर आत्ताची सोडून वेगळी घ्या आणि दोन-चार रस्ते ओलांडा.

चौथी यादी तर वस्त्यांचीच आहे. व्हूडू लिटल हेतीत, क्यूबन हर्मीस लिटल हवानात, कॅडी लीफ लिंक्सच्या गोल्फ मैदानावर, बॅगेज हँडलर विमानतळावर, मिस्टर व्हूपी आइस्क्रीमच्या कारखान्यात आणि पिझ्झा बॉय पिझ्झाच्या दुकानासमोर. इथे अडतं ते व्हूडूवर. क्यूबन टोळीचा म्होरक्या उंबेर्तो रोबिना याच्या मिशनांमुळे हेतीयन टोळीशी वैर होतं आणि मग लिटल हेतीत शिरताच गोळ्या सुरू होतात. ती मिशनं घेण्याआधीच एक व्हूडू आणून गॅरेज असलेल्या घरात उभी करून ठेवा. कॅडीचं दुखणं निराळं, ती फार हळू चालते. एकही तारा नसताना निघा, वाटेत कोणाला धडक देऊ नका.

फोर्ट बॅक्स्टर

९० पॅकेजं होईपर्यंत इथे जायचं कारण नाही. पोलिसांचा गणवेश अंगात असेल तर पहारेकरी गोळी घालत नाहीत. गणवेश 'कॉप लँड' मिशनमध्ये मिळतो. ऱ्हायनोत बसून कॅप्स लॉक दाबलं की व्हिजिलांटी, म्हणजे गुन्हेगारांना गाठून मारायचं काम, सुरू होतं. बारा पातळ्या केल्या की चिलखत १५० होतं. पोलिसांच्या गाडीतून हेच काम जिवावर येतं, रणगाड्याचा स्पर्श झाला तरी गाडी उडते. गुन्हेगाराच्या गाडीमागे धावण्यापेक्षा तिच्या वळणावर आडवे जा, कारण रणगाडा वेगात मागे पडतो.

आत्ताची स्थिती

पूर्व बेट पूर्ण झालंय, रोगी, पिझ्झा, रणगाडा तिन्ही आटोपलेत, आणि लिटल हवाना-हेतीतली पॅकेजंही. राहिलंय विमानतळ आणि डाउनटाउन.

विमानतळावरच्या जंपसाठी पीसीजे-६०० हीच मोटरसायकल. उड्डाणाआधी पुढे झुकलं की वेग वाढतो, हवेत गेल्यावर किंचित मागे झुकून पुढचं चाक वर ठेवायचं. नाक खाली गेलं की उतरताना टॉमी फेकला जातो आणि जंप धरली जात नाही. धावपट्टीची लांबी भरपूर आहे, पूर्ण वेग घेऊनच जिन्याच्या गाडीवर चढा.

डाउनटाउनमध्ये फिल्म स्टुडिओचं 'जी-स्पॉटलाइट' मिशन गच्च्यांवरून उड्या मारतच पुढे जातं आणि त्या वाटेवरच्या काही उड्या स्टंट जंप म्हणूनही मोजल्या जातात. मिशनच्या आधी सेव्ह करून घ्या. पुढे शस्त्रांच्या दुकानातली नेमबाजी आहे, तिथे ४५ गुण लागतात. हायमन स्टेडियमचे दरवाजे रात्री ८ ते १२ एवढेच उघडतात आणि स्पर्धा दिवसागणिक बदलते: हॉटरिंग (गाड्यांची शर्यत), ब्लडरिंग (गाड्यांची धडकाधडकी), डर्टरिंग (मोटरसायकलची कसरत). दुपारी २ च्या सुमारास जवळच्या घरात सेव्ह करा, घड्याळ ८ वर येतं. हवी ती स्पर्धा नसेल तर आणखी चार वेळा सेव्ह केलं की दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे ८ वाजतात.