तुम्ही विचारलंत म्हणून: मार्सेलिसला बंदरावरचंच हॉटेल का घेतलं

माझ्या वडिलांना, आप्पांना, मार्सेलिसला नेऊन आणल्यापासून लग्नात, फोनवर, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा लोक विचारतात, सावरकरांच्या उडीची जागा दिसली का, आणि नाही म्हटलं की लगेच पुढचं, मग एवढं महागाचं बंदरावरचं हॉटेल कशाला घेतलंत? आता एकदाच सगळं सांगते.

हॉटेल उडीच्या जागेसाठी घेतलंच नव्हतं. आम्ही राहिलो ते जुनं बंदर, ग्रीक लोकांनी इसवी सनापूर्वी 600च्या सुमारास वसवलेलं. मोठ्या आगबोटी 19व्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेला जोलिएतच्या नव्या गोद्यांकडे लागायला लागल्या, त्यामुळे 8 जुलै 1910ला सावरकरांना घेऊन जाणारी आगबोट ‘मोरिया’ आमच्या खिडकीखाली उभी नव्हती, हे मलाही माहीत होतं आणि आप्पांनाही. हॉटेल घेतलं ते त्यांच्या गुडघ्यांसाठी. मागच्या पानिए भागात निम्म्या पैशात खोल्या मिळत होत्या, पण तिथे नुसता चढ आणि पायऱ्या, व्हीलचेअर नेणार कशी?

तरी बुकिंग करताना मी स्वतःशीच भांडत होते. धक्क्यावरच्या त्या इमारती 1950च्या दशकातल्या, ह्याला कसलं ऐतिहासिक म्हणायचं? मग वाचलं की जानेवारी 1943मध्ये जर्मनांनी आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून तिथली वीसेक हजार माणसं घराबाहेर काढली आणि फेब्रुवारीत सुमारे 1500 इमारती सुरुंग लावून पाडल्या, 17व्या शतकातल्या टाउन हॉलसारख्या मोजक्याच इमारती ठेवल्या. इमारती नव्या आहेत त्या ह्यामुळे. तो वाद तिथे मिटला, पैशांची टोचणी मात्र अजून आहे.

आता जोलिएतचं. टॅक्सीने गेलो. समोर उंच जाळीचं कुंपण, आत अल्जीरिया आणि कॉर्सिकाच्या फेरीबोटी, टपावर गाद्या-सायकली बांधलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग. गेटवरचा माणूस म्हणाला, तिकीट? मी मोबाईलवर फोटो दाखवला, वर्ष दाखवलं, इंग्रजीत सांगितलं, मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, त्याने पुन्हा विचारलं, तिकीट? आप्पा रत्नागिरीचे, त्यांचे वडील पतितपावन मंदिरातल्या सहभोजनांना पंगतीत बसलेले, त्या घरात सावरकरांचं नाव कसं घेतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांनी खुर्चीतूनच जाळीत बोटं अडकवली आणि विचारलं, “कुठल्या बाजूला गं?” मला नेमकं सांगता येईना. मी हात केला तिकडे दोन कंटेनर आणि एक पांढरी बोट, पाणी दिसतच नव्हतं. “एवढं लांब आलो आणि पाणीसुद्धा दिसू नये,” असं म्हणून ते रडायला लागले, तोंड न झाकता, रांगेतली माणसं बघत होती तरी. आप्पांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. एका गाडीतल्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली आणून दिली. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि मीही नाही. दादा फोनवर म्हणाला, “तुला हौस होती, त्यांना कशाला दमवलंस?” मी फोन ठेवला.

सकाळी जाग आली ती आप्पांच्या हाकेने. “ऊठ, होड्या लागल्या!” खुर्ची ओढत खिडकीपाशी नेऊन बसले होते. धक्क्याच्या टोकाला रोज सकाळी मासेवाले होड्यांमधून थेट टेबलांवर मासळी मांडतात. खाली नेलं तर एका टेबलावर निळ्या ट्रेमध्ये जाड काळपट मासा अजून वळवळत होता. “वाम आहे ही!” म्हणून आप्पा मोठ्याने हसले, मासेवालीने ती डोक्यामागे धरून उचलून त्यांच्या तोंडाशी आणली आणि फ्रेंचमध्ये भाव सांगितला, आप्पांनी मराठीत घासाघीस केली. घ्यायची नव्हतीच. नंतर रोज पहाटे ते खिडकीत असायचे, कुठली होडी उशिरा आली ते मला सांगायचे. आतल्या गल्लीत खोली असती तर जोलिएतनंतर त्यांनी भिंतीकडे बघत दिवस काढले असते, म्हणून त्या खिडकीच्या पैशांचा हिशोब मला कोणी विचारू नये.

दादाचं म्हणणं मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. हौस माझीही होती. त्यांची किती आणि माझी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आप्पांना विचारलं तर ते वामेबद्दलच सांगत बसतात.

पुन्हा नेणार का, असंही विचारता. डॉक्टर हो म्हणाले तर नेणार, आणि त्याच धक्क्यावर राहणार.