जुन्या साड्यांची गोधडी आणि तिच्यावर घरातले फोटो: माझा अनुभव

गोधडीवर फोटो घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी साड्या काढतात, थर जुळवतात आणि फोटोचं शेवटी बघू म्हणतात. मी उलटीकडून सुरुवात करते. गोधडी अंगावर घ्यायची वस्तू आहे. ती चुरगळणार, तिची घडी होणार, दसरा काढताना ती धुतलीही जाणार. हे सगळं सोसेल असा फोटो कापडावर कसा उतरवायचा, ते ठरल्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही.

कप आणि टी-शर्टवर फोटो छापून देणाऱ्या दुकानात सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेनं वाफ होऊन मुरणारी शाई असते. ती पॉलिएस्टरमध्येच मुरते, सुती कापडावर धरत नाही. इस्त्रीनं चिकटवायचे ट्रान्सफर कागद सुती कापडावर चालतात, पण ते कापडावर प्लॅस्टिकचा पापुद्रा सोडतात. घडीवर त्याला चिरा पडतात आणि सुई जाईल तिथे भोक कायमचं राहतं. झेरॉक्सची उलटी प्रत ॲक्रिलिक जेलनं कापडावर चिकटवून, वाळल्यावर कागद ओला करून चोळून काढण्याची पद्धत भिंतीवरच्या तुकड्याला छान आहे. अंगावर घ्यायला ते कापड फार ताठ होतं. घरच्या प्रिंटरमधून सुती कापड सरकवता येतं, पण बऱ्याच प्रिंटरांची रंगीत शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते आणि ती पहिल्याच धुण्यात उतरते.

म्हणून मी सायनोटाइप करते. जॉन हर्शेल यांनी 1842 साली शोधलेली ही पद्धत. वास्तुविशारदांच्या निळ्या ब्लूप्रिंट हिच्यातूनच आल्या. लोखंडाचे क्षार उन्हात बदलतात आणि निळा रंग थेट सुताच्या धाग्यात बसतो. वर कसलाही थर नसतो, त्यामुळे कापड पूर्वीइतकंच मऊ राहतं. चित्र फक्त निळं-पांढरं येतं, पण जुने कृष्णधवल फोटो असतील तर ते चांगलंच शोभतं.

मूळ फोटो यात कुठेच वापरायचा नाही. स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन करून तो परत जागेवर ठेवायचा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पावसाळी हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहरा काचेवरच राहतो. असा फोटो काचेसकट स्कॅन करायचा.

फोटो निवडताना भावनेला थोडं बाजूला ठेवावं लागतं. लग्नातला चाळीस जणांचा फोटो कितीही लाडका असला तरी त्यातले चेहरे वाटाण्याएवढे येतात आणि विणीत हरवतात. ठिगळ 5 बाय 7 इंचांचं धरलं तर चेहरा किमान एक इंच उंच आला पाहिजे. म्हणजे एका ठिगळात दोन, फार तर तीन माणसं. स्टुडिओतल्या गडद पडद्यासमोरचे फोटो सगळे निळेशार होतात. मागे चुन्याची भिंत किंवा आभाळ असेल तर उठाव येतो.

मोबाइलवरच फोटो कृष्णधवल करायचा, उजेड-अंधारातला फरक नेहमीपेक्षा वाढवायचा, मग निगेटिव्ह करून आडवा उलटायचा. उलटायचा अशासाठी की छापलेली बाजू कापडाला टेकली तरच रेषा धारदार येते. ही निगेटिव्ह झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर छापून मिळते. लेझर प्रिंटरचा काळा रंग शीटवर विरळ बसतो आणि त्यातून ऊन झिरपतं, म्हणून एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती काढून डोळ्याला डोळा जुळवून चिकटपट्टीनं जोडायच्या. एकाच प्रतीवर भागवलं तर चेहरे सपाट आणि काळवंडल्यासारखे येतात.

कापड जुनं धोतर किंवा पांढरं मलमल. जुन्या धोतरात नीळ, खळ आणि साबणाचा सोडा साचलेला असतो, आणि या निळ्या रंगाचा खरा वैरी सोडाच. गरम पाण्यात दोनदा खळबळून, शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घालून कापड वाळवते. ठिगळासाठी 8 बाय 10 इंचांचे तुकडे कापते, म्हणजे दुमडायला भरपूर कड राहते.

रसायनं प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत. सायट्रेटच्या बाटलीत काही दिवसांनी बुरशी धरते, म्हणून लागेल तेवढंच करावं. वापरायच्या वेळी दोन्ही समप्रमाणात मिसळायची. एका तुकड्याला साधारण 10 मिली पुरतं. भांडी, चमचे वेगळे ठेवायचे, स्वयंपाकघरात परत न्यायचे नाहीत. हातमोजे घालायचे. आणि एक गोष्ट पक्की: फेरिसायनाइडजवळ कडक आम्ल आणायचं नाही, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. हे तुकडे बहुधा बाथरूममध्येच धुतले जातात, आणि ॲसिड असलेल्या टॉयलेट क्लीनरची बाटली तिथेच असते. ती आधी बाहेर ठेवा.

मिश्रण स्पंजनं लावते. पत्र्याची पट्टी असलेला ब्रश नको, गंज लागला की निळे ठिपके उठतात. खिडक्या बंद, एक मंद पिवळा दिवा, आणि तुकडे अंधारात सपाट वाळवायचे. वाळलेला तुकडा पिवळट हिरवा दिसला पाहिजे. उन्हात न्यायच्या आधीच तो निळसर झाला असेल तर उजेड लागलेला आहे किंवा हवेत दमटपणा फार आहे. पावसाळ्यात मी हे काम काढतच नाही.

लाकडी पाटावर कापड, त्यावर निगेटिव्ह, त्यावर साधी 4 मिमी काच आणि चारही बाजूंनी क्लिपा. एप्रिलच्या दुपारी सहा ते दहा मिनिटं पुरतात, डिसेंबरात जास्त. पहिल्यांदा एका पट्टीवर पुठ्ठा दर दोन मिनिटांनी सरकवत बघा. आपल्या गच्चीवरचं ऊन आणि आपली निगेटिव्ह यांचा हिशेब त्यातूनच कळतो. उघडा भाग हिरव्याचा निळा आणि मग मळकट राखी झाला की आत आणायचं. कमी ऊन मिळालं तर चित्र धुताना वाहून जातं. जास्त मिळालं तर पांढरे भागही निळे होतात.

धुणं साध्या पाण्यात, पिवळेपणा जाईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. बोअरवेलचं पाणी असेल तर पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. सावलीत वाळवायचं; निळा रंग दुसऱ्या दिवशी पूर्ण खुलतो.

आता साड्या. फक्त सुती. संशय असेल तर एक धागा जाळून बघा: सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिएस्टरचा धागा आकसून कडक मणी होतो. साडी उजेडात धरली की विरलेला भाग दिसतो. बसण्याची आणि गुडघ्याची जागा बहुधा गेलेली असते, पदर आणि आतल्या निऱ्या धड असतात. दोन अंगठ्यांनी ताणल्यावर चर्र आवाज आला तर तो भाग आतल्या थरालाही नको. लाल, मरून, गडद हिरवा रंग ओल्या पांढऱ्या रुमालानं दाबून तपासा. रंग सोडणारी साडी फोटोच्या पांढऱ्या भागाची वाट लावते. फॉल आधी उसवून टाका.

पाचवारी साडी साधारण 5.5 मीटर लांब आणि 45 इंच पन्ह्याची. 5 बाय 7 फुटांच्या गोधडीचा एक थर करायचा तर 152 सेंटिमीटरचे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडायचे. साडेसात फुटांपर्यंत लांबी मिळते, वरचं शिवणीत आणि कडेला दुमडण्यात जातं. एका साडीत एक थर होऊन जवळजवळ अडीच मीटर उरतं. तीन साड्यांत अस्तर आणि आतले दोन थर निघतात, आणि उरलेल्यातून वरची ठिगळांची बाजू सहज भागते. चार थरांवर मी जात नाही. पाचव्या थराला सुई ओढताना बोटं दुखतात आणि टाके लांब पडायला लागतात.

फोटोची ठिगळं थर एकमेकांवर टाकायच्या आधीच वरच्या बाजूला लावते. मागे पातळ मलमलचं अस्तर, कडा अर्धा इंच आत दुमडून बारीक हेमिंग. चिकटणारं इस्त्रीचं अस्तर वापरू नये, त्यात सुई अडते. फोटो अगदी मधोमधही नकोत, आणि याचं कारण शिवणीच्या रीतीत आहे. आपली गोधडी कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेनं फिरत आत येते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका त्यांची गोधडी, कवंदी, अशीच शिवतात. या रीतीत थरांतला सगळा ढिलेपणा आत सरकत शेवटी मध्यावर फुग्यासारखा जमतो. तिथे फोटो असेल तर चेहऱ्याला सुरकुती पडलीच म्हणून समजा.

फुगा टाळायचा तर कच्चे टाके उलट दिशेनं घालायचे. चारही थर फरशीवर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, डबे असं काही जड ठेवायचं, आणि मध्यापासून बाहेर हात फिरवत दर वितीवर एक कच्ची ओळ घालायची. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घाई केली की पुढे ती कशानंच भरून निघत नाही.

मग धावदोरा. ओळींमध्ये बोटभर, म्हणजे 2 सेंटिमीटर अंतर, टाका 5 ते 6 मिमी. या मापानं एका गोधडीत जवळजवळ 170 मीटर ओळी होतात. टाक्यांची वरखाली आणि गाठी धरून 230 मीटर दोरा आणून ठेवावा. दोरा जाड सुतीच. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो आणि ओढ बसली की तोच कापड कापतो. सुई मोठ्या नेढ्याची, दोरा हातभरच घ्यायचा, गाठ थरांच्या मध्ये लपवायची.

फोटोपाशी ओळ आली की चौकटीच्या कडेनं वळवते. चेहऱ्यावरून टाका नाही. पण 7 इंचांचा भाग पूर्ण मोकळा सोडला तर खालचे थर धुण्यात गोळा होतात, म्हणून खांद्याच्या आणि डोक्याच्या बाह्यरेषेवरून एक ओळ निळ्या दोऱ्यानं चारही थरांतून घेते. चित्राला उठावही येतो.

प्रत्येक फोटोच्या मागे, अस्तराच्या बाजूला, माणसांची नावं, गाव आणि साल साखळी टाक्यानं घालते. मार्करची शाई उडते.

धुण्याबाबत तडजोड नाही: धुण्याचा सोडा नको, ब्लीच नको, पावडर आणि वडीही नको. सोड्यानं निळा रंग पिवळट पडतो आणि तो परत येत नाही. रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं गाळलेलं पाणी टबात घालून गोधडी पायांनी तुडवायची, दोन पाण्यांतून काढायची आणि फोटोची बाजू खाली करून सावलीत दोन दोऱ्यांवर पसरायची. एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनानं मधले टाके ताणतात. वर सुती खोळ चढवली तर वर्षातून एकदा धुणं पुरतं, खोळ मात्र हवी तशी साबणानं धुवा.