देवगडच्या खाऱ्या हवेत संगणकाचे दिवे बदलताना

गणपतीसाठी देवगडला आजोळी गेलो की मामा मला आधी संगणकापाशी नेतात, कारण हापूसच्या पेट्यांचा अनेक हंगामांचा हिशेब त्यात आहे. यंदा त्यांनी दाखवलेला बिघाड अगदी लहान होता. "दिवो पेटणा नाय रे, म्हणजे मशीन गेलां काय?" असे त्यांनी विचारले. मशीन चालू होते. फक्त कॅबिनेटच्या दर्शनी भागावरचे दोन्ही एलईडी, एक वीजपुरवठ्याचा आणि दुसरा हार्ड डिस्कचा, विझले होते. तरीही मी हे काम क्षुल्लक मानले नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत नाही म्हणजे संगणक अडकून बसला आहे असे समजून मामांनी पावसाळ्यात एकदा, नोंदी लिहिल्या जात असतानाच, बटण दाबून धरले होते आणि एप्रिलच्या हिशेबाची फाइल त्यात बिघडली होती.

दिवा पेटत नसला की तो जळाला असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण इतक्या कमी प्रवाहावर चालणारा एलईडी सहसा जळत नाही. मी पुढचे झाकण काढून डिस्कचा दिवा बाहेर घेतला, तेव्हा त्याचा एक पाय तपकिरी होऊन वायरीच्या जोडापाशीच तुटलेला होता. उरलेल्या बुडख्यावर आणि दुसऱ्या पायावर सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल टेकवताच तो लाल दिवा लख्ख पेटला. वीज मोजण्याच्या मल्टिमीटरवरील डायोडच्या खुणेवरही हीच परीक्षा होते. दुसऱ्या दिव्याचे पाय शाबूत होते, पण वायर सोल्डरखाली हिरवट होऊन सुटली होती.

याचे कारण किनाऱ्याच्या हवेत आहे. एलईडीचे पाय पुष्कळदा कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. चुंबक लावून पाहिल्यास ते चिकटतात. समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण पंख्याने ओढलेल्या हवेबरोबर कॅबिनेटमध्ये शिरून बसतात आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात आपल्याकडे ही पातळी दिवसचे दिवस ओलांडलेली असते. म्हणजे संगणकावर पाण्याचा थेंब न पडताही आतल्या धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो, आणि जिथे मुलामा कापलेला किंवा खरवडलेला असतो तिथे लोखंड गंजू लागते. त्यातच दोन पायांमध्ये सतत एकाच दिशेचा व्होल्टेज असेल, तर धन बाजूचा धातू अधिक वेगाने झिजतो. तुटलेला पाय धन बाजूचाच होता.

म्हणून इथे नवा दिवा लावण्यापेक्षा त्याचा जोड झाकण्याला मी अधिक वेळ दिला. आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, आधी वायरीत ओवून ठेवावी लागते. हे विसरले तर सोल्डर पुन्हा सोडवावे लागते. वायरीचे हिरवे टोक कापून स्वच्छ तांबे उघडे केले, दिव्याचा पाय डोक्याच्या बाजूने चिमट्यात धरला, म्हणजे उष्णता आत जात नाही, आणि प्रत्येक जोड दोन-तीन सेकंदांत उरकला. उरलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून वापरतात तो पदार्थ, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच स्लीव्ह आवळली, कारण तो तसाच राहिला तर दमट हवेत तोही गंजाला हातभार लावतो.

एलईडीचा लांब पाय धन, आणि ज्या बाजूला कडा सपाट असते तो ऋण. अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप मदरबोर्डांवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डांवर, पुढच्या पॅनेलसाठी नऊ पिना असतात व दहावी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. त्यांत १ आणि ३ या डिस्कच्या दिव्याच्या, तर २ आणि ४ वीजदिव्याच्या, आणि प्रत्येक जोडीतली पहिली धन. बोर्डावरील छापील खुणा तरी वाचाव्यातच. मामांच्या कॅबिनेटचा वीजदिव्याचा प्लग जुन्या पद्धतीचा, तीन भोकांचा आणि मधले भोक रिकामे असा होता. सुईने प्लास्टिकची जीभ उचलून एक टर्मिनल मधल्या भोकात सरकवले आणि तो दोन पिनांवर बसला. धन-ऋण उलटे झाले तर दिवा पेटत नाही एवढेच. प्लग फिरवून लावावा.

या पिनांसाठी प्रवाह मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर मदरबोर्डावरच असतो, त्यामुळे वेगळा लावला नाही. जो कोणी वीजपुरवठ्याच्या चार पिनांच्या जोडणीतून दिवा घेईल, त्याने मात्र तो लावलाच पाहिजे. लाल वायरीवर ५ व्होल्ट असतात, लाल एलईडी त्यांतले सुमारे २ घेतो, उरलेल्या ३ व्होल्टसाठी ३३० ओहम लावले की प्रवाह ९ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट आहेत. तिथे १ किलोओहम योग्य.

मामेभावाला निळा दिवा हवा होता. निळ्याला ३ व्होल्टच्या वर लागतात आणि ५ व्होल्टच्या पिनांवर तो पेटलाही असता. पण संगणक माजघरात आहे, रात्री तिथे आजी झोपते, आणि निळ्याचा प्रखर उजेड अंधारात डोळ्यांना टोचतो, म्हणून दुधी काचेसारख्या आवरणाचा हिरवा वीजदिवा आणि तसाच लाल डिस्कचा दिवा मी आग्रहाने लावला. झाकण बसवून बटण दाबले, हिरवा स्थिर पेटला, लाल लुकलुकू लागला. तो लुकलुकायचा पूर्ण थांबेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हे मामांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतले आणि हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.