टायमिंग कमी का होत नाही?

रेस झाली की सोमवारी लिफ्टमध्ये, ऑफिसात, अगदी भाजीवाल्याकडेसुद्धा चौकशी होते. सुरुवातीच्या वर्षांत लोक ‘पहिली कोण आली?’ असं विचारायचे. आता सगळे तयार झालेत, आता ‘टायमिंग किती?’ असं विचारतात. मी आकडा सांगते. मग जरा थांबून, माझं मन दुखावणार नाही अशा बेताने खरा प्रश्न येतो : ‘इतकी वर्षं पळतेस, मग टायमिंग कमी का होत नाही?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. चार मजल्यांच्या प्रवासात हे उत्तर बसत नाही.

मी वर्षात दोनच रेस मनावर घेते. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधली हाफ. दोन्हीकडे अंतर तेच, २१.१ किलोमीटर. सारखेपणा इथेच संपतो. साताऱ्यात समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, आणि कासच्या रस्त्यावर वळसा घेईपर्यंत चढ काही पाठ सोडत नाही. वर बहुतेकदा धुकं, भुरभुर पाऊस, आणि परतीला तेवढाच उतार. मुंबईत भल्या पहाटे माहीमच्या रेतीबंदरापासून सुटायचं, अंधारातच सी लिंक पार करायचा, आणि पाय बोलायला लागले की नेमका पेडर रोडचा चढ समोर येतो. सातारकर त्याला चढ म्हणणारही नाहीत. पण पुण्यात डिसेंबरच्या दहा-बारा डिग्रीत सराव करून गेलेल्या माणसाला मुंबईची हवा तिथे बरोब्बर गाठते. दमट हवेत घाम गळतो, पण वाळत नाही. वाळत नाही म्हणून अंग गार होत नाही. मग हृदयाला पायांकडे रक्त पाठवायचं असतंच, वर अंग गार ठेवायला कातडीकडेही पाठवावं लागतं. पुण्यात ज्या वेगाला मी गप्पा मारते, त्याच वेगाला मुंबईत धाप लागते.

हे फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचंच आहे असं नाही. इथिओपियाचा धावपटू लेमी बेरहानू, मुंबईत ‘हायले लेमी’ या नावाने पळाला तोच. २०१६च्या जानेवारीत तो दुबईत फुल मॅरेथॉन २ तास ४ मिनिटं ३३ सेकंदांत पळाला आणि दुसरा आला. तीन महिन्यांनी बॉस्टनला त्याला २ तास १२ मिनिटं ४५ सेकंद लागले. आठ मिनिटांनी मागे. आणि तिथे तो पहिला आला! दुबईचा रस्ता सपाट, बॉस्टनचा टेकड्यांचा, त्यात त्या दिवशी ऊन. पुढे २०२३ला मुंबईत २:०७:३२ असा इथला विक्रमही त्याच्याच नावावर लागला. आता सांगा, त्याचं टायमिंग सुधारलं की बिघडलं? त्याच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी विचारलं असेल का, कुणास ठाऊक.

बरं, हे झालं वकिली उत्तर. खरं उत्तर दोन रेसच्या मधल्या चार महिन्यांत आहे.

सातारा झालं की आठवडाभर मी बूट कपाटात टाकते. मग नवरात्र येतं, उपासाला साबुदाणा खाऊन पळता येतं पण वरीचा भात जास्त मानवतो, हे माझं शास्त्र. दिवाळीत फटाक्यांच्या धुरामुळे दोन-चार सकाळी घरातच काढाव्या लागतात. त्यानंतर डिसेंबर अखेरपर्यंत थंडी, आणि तोच खरा सरावाचा हंगाम, कारण मकरसंक्रांत उलटली की लगेच मुंबई. या काळात मी वेताळ टेकडीवर आणि विद्यापीठात जी काही धावते, त्यातलं बहुतेक सगळं हळू असतं. म्हणजे इतकं हळू, की टेकडीवर झपझप चालणारे एक पांढऱ्या टोपीतले आजोबा मला मागे टाकून जातात आणि जाताना ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणतात. अख्खं वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. आठवड्यात एखादाच दिवस जोरात.

हळू पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, चरबी जाळून चालायची सवय लागते. हे फरक काही आठवड्यांतच जाणवायला लागतात. घोटाळा असा, की हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, इतक्या चटकन बदलत नाहीत. नवी सून घरात महिन्याभरात रुळते, सासूबाईंना वेळ लागतो, तसं. त्यांना महिनेच्या महिने द्यावे लागतात. म्हणून पळणाऱ्याची दुखणी बहुतेकदा वाईट काळात येत नाहीत. सगळं छान चाललंय, दम वाढलाय, वेग येतोय, अशा वेळीच ती दार ठोठावतात.

माझ्याकडे ती टाचेवाटे आली. साताऱ्याच्या घाटानंतर डाव्या टाचेच्या मागची कंडरा, पळणारे जिला ‘अकिलीस’ म्हणतात ती, सकाळी उठल्यावर आखडायला लागली. पलंगावरून उतरून बाथरूमपर्यंत भिंत धरून जायचं आणि मग दहा मिनिटांत काही झालंच नाही असं वाटायचं. चिमटीत धरली तर कंडरा जाड लागायची, हाडापासून दोन-तीन बोटं वर. एका डॉक्टरांनी नीट न बघताच सांगितलं, “पळणं बंद करा. या वयात चालायला जमलं तरी पुष्कळ.” बंद केलं. दुखायचं थांबलं. पुन्हा पळायला लागले, पुन्हा दुखलं. विश्रांतीने कंडरेचा ठणका शमतो, ती मजबूत होत नाही, हे मला नंतर एका फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावलं. ती म्हणाली, “ताई, तिला काम द्यायला हवं. सुट्टी नको.”

काम असं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, टाचा मागे हवेत. कठडा धरून दोन्ही पायांवर वर उचलायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीच्या खाली, सावकाश, तीन-चार सेकंद घेत उतरवायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असे तीन सेट. गुडघा किंचित वाकवून पुन्हा तसेच तीन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाचे १८०, आणि असे १२ आठवडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवर वजन. मी मुलीच्या जुन्या दप्तरात पाच किलोची तांदळाची पिशवी घालायचे.

आमच्या सोसायटीत पहिला आणि दुसरा मजला यांच्यामधली पायरी या कामाला उत्तम आहे, तिथे कठडा हलत नाही. तिथे दप्तर लावून मी सकाळी सातला उभी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दूध घ्यायला दार उघडायच्या आणि रोज दचकायच्या. “अगं, पडशील ना!” मग हळूहळू त्यांना सवय झाली. कुणाकडे पोह्यांना फोडणी पडली, कुणाच्या उपम्याचा रवा जरा जास्त भाजला गेला, हे मला वासावरून कळायला लागलं. वॉचमनकाकांनी एकदा गंभीरपणे विचारलं, “मॅडम, घरात जागा नाही का?” घरात जागा आहे हो, पायरी नाही.

हा व्यायाम कसा निघाला त्याचा किस्सा मला फार आवडतो. हाकन अल्फ्रेडसन हे स्वीडनमधले हाडांचे सर्जन, स्वतः पळणारे. त्यांची अकिलीस दुखावली होती. शस्त्रक्रिया करून घ्यायची होती, पण वरिष्ठ तयार होईनात, इतकं काही बिघडलेलं नाही म्हणाले. मग या गृहस्थांनी ठरवलं, बिघडवूनच दाखवतो. पायरीवर जोरदार व्यायाम सुरू केला. कंडरा तुटायच्या ऐवजी दुखणंच गेलं. पुढे १९९८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १५ हौशी खेळाडूंवर हाच १२ आठवड्यांचा प्रयोग करून निष्कर्ष छापले. पंधराही जण पुन्हा पळायला लागले होते. नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की १८०चा आकडा काही वेदवाक्य नाही, कमी वेळा पण जास्त वजनाने सावकाश केलं तरी गुण येतो. पण मला आकडा असला की बरं पडतं, नाहीतर मी कारणं काढते.

त्या १२ आठवड्यांत पळणं पूर्ण बंद नव्हतं. नियम एवढाच, की दुखणं दहापैकी पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे. त्या जानेवारीत मुंबईला मला आदल्या वर्षीपेक्षा सात मिनिटं जास्त लागली. लिफ्टमधल्या मंडळींना ती अधोगती वाटली. मी मात्र सोमवारी पलंगावरून उतरून भिंत न धरता बाथरूमपर्यंत गेले. हे कुणाला सांगणार, आणि कुठल्या सर्टिफिकेटवर छापणार!

आणखी एका वर्षी टाच ठणठणीत, पण पाय शिशाचे. नेहमीचा सोपा वेग जड जायला लागला, दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे. ‘वय झालं’ हे निदान आपल्याकडे फुकट मिळतं, ते मला पाच-सहा जणांनी दिलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ठीक, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. पळणाऱ्या बायकांमध्ये हे बरंच आढळतं. पाळीत रक्त जातं, थोडं लोह घामातून जातं, पावलं आपटून काही तांबड्या पेशी फुटतात. शिवाय जोराच्या व्यायामानंतर काही तास शरीरात हेप्सिडीन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं, ते आतड्यातून लोह नीट आत घेऊ देत नाही. त्यात आपला चहा! पळून आल्या आल्या, नाश्त्याबरोबर, आणि मग पुन्हा एकदा. चहातली टॅनिनं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात. डॉक्टरांनी गोळी दिली, लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणाल्या, आणि चहा जेवणा-नाश्त्यापासून तासभर लांब. गोळीचं काही नाही, तो तासभर फार मोठा होता. सासूबाईंनी अळिवाचे लाडू करून दिले, ते औषध म्हणून चालतात आणि चव म्हणून धावतात. (तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. जास्तीचं लोह शरीर सहजासहजी बाहेर टाकत नाही.) साठा भरायला महिने लागले. त्या वर्षीची मुंबई मी सोडून दिली आणि पेडर रोडवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या. तिथले रहिवासी दरवर्षी संत्री, चिक्की, बिस्किटं घेऊन उभे असतात, मी त्यांच्यात घुसले.

आता मुख्य हिशेब. माणसाची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची कमी वेगाने उतरते, पण उतरते. मी चाळिशीत पळायला लागले, आता सत्तेचाळीस. हाफचं टायमिंग तेव्हाही सव्वादोन तासांच्या आसपास होतं, आजही तिथेच आहे. तुम्हाला ते थांबलेलं दिसतं. मी सरकत्या जिन्यावर उलटी चढते आहे हो, तिथल्या तिथे दिसणारच.

आणि काही गोष्टी सुधारल्यात त्या घड्याळाला दिसत नाहीत. पूर्वी साताऱ्याच्या उतारानंतर मांड्या अशा भरून यायच्या की दोन दिवस जिना उलटा उतरायचे. उतारावर स्नायू लांबत लांबत भार पेलतात, त्यात बारीक इजा होते. पण एकदा ती सोसली की पुढचे काही आठवडे स्नायू तोच मार बराच सहज घेतात. म्हणून आता ऑगस्टमध्ये मी सिंहगडाच्या डांबरी रस्त्यावर उतार मुद्दाम पळते, आणि रेसनंतरच्या सोमवारी सरळ तोंडाने जिना उतरून ऑफिसला जाते. विश्रांतीतले ठोके सत्तरीवरून पन्नाशीच्या घरात आलेत.

यंदा टायमिंग कमी होईल का? होईलही. टाच गप्प आहे, फेरिटिन बरं आहे, मुलीची दहावी संपली आहे. एकच अडचण आहे. रविवारच्या लाँग रनला माझी जोडीदारीण होती, ती बंगळुरूला गेली, आणि दोन-अडीच तास एकटीने हळू पळणं फार कंटाळवाणं होतं. दिवाळीनंतर कुणाला यायचं असेल तर पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या गेटपाशी या. गप्पा मारत पळणारी माणसं हवीत, जोरात पळणारी नकोत, त्यांच्या नादाने माझा वेग वाढतो. केळी आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी मी आणते. चहा परतीला, पण तासाभराने.