ओल्या शाईवर विश्वास नाही

परवा दुपारी शाईच्या तीन बाटल्या घेऊन खिडकीत बसलो. ट्यूबलाइटखाली रंग बघायचाच नाही हा माझा नियम, तिथे निळा आणि मोरपिशी सख्खे भाऊ वाटतात. कागद म्हणजे लग्नपत्रिकेची कोरी पाठ, लग्नाला गेलो नाही तरी पत्रिका मात्र जपून ठेवतो. पण खरी परीक्षा स्वस्तातल्या वहीवर. तिथे शाई फुटली, रेघेला केस आले की रंग कितीही गोड असो, बाद.

आणि ओली असताना मत द्यायचं नाही. ओल्या सगळ्याच देखण्या. रात्रभर वाळू द्यायची, सकाळी बघायचं. जुन्या पद्धतीची ब्लू-ब्लॅक तर लिहिताना फिक्कट असते नि हवा लागेल तशी काळी पडत जाते, तिच्यात हिराकस आणि मायफळ. मायफळ म्हणजे तेच हो, बाळगुटीतलं! हे कळलं तेव्हा परगावी घरचं कोणी भेटावं तसं झालं.

शाळेत निवडीचा प्रश्नच नव्हता, कॅमलची रॉयल ब्लू. (त्या दांडेकरांनी १९३१ साली सुरुवात केली ती घोडा छाप शाईच्या पावडरीने, उंट नंतर आला.) पेपरात शाई संपली की शेजाऱ्याकडे "दोन थेंब दे ना", मग तो पेन उघडून मोजून दोन थेंब देणार, वर दुसऱ्या दिवशी परत मागणार. बाकावर सांडली की खडू टेकवायचा. एकदा त्याच खडूला काळ्या शाईचा ठिपका दिला आणि बशीतल्या पाण्यात उभा केला, पाणी चढत गेलं तसा त्या ठिपक्यातून जांभळा निघाला, निळा निघाला, वर थोडा पिवळटही, काळा कुठेच नाही. तेव्हापासून काळ्या शाईकडे मी जरा संशयानेच बघतो.

दुकानात लोक पेन बघताना 'श्री' लिहितात नाहीतर सही ठोकतात. मी हॉस्टेलपासून एकच ओळ लिहितो, 'तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.' तीर्थरूपमध्ये वळणं भरपूर, निब सगळीकडून फिरते, शाई कुठे दाटते कुठे विरळ होते ते लगेच कळतं. परवाही तीन बाटल्या, तीन ओळी. हिरवी बाद, दुसरी ठीक, ब्लू-ब्लॅक सकाळपर्यंत छान गडद झाली होती.

पुढचा मजकूर काही लिहिला नाही. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.