काट्यावर चढवलेली हलकी गाडी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या गॅरेजला लागून एक कास्टिंगचं दुकान आहे. त्यांचा तीनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा जुलैतल्या एका बुधवारी आम्ही तासभर मागून घेतला, आणि गाडीबद्दलचा आमचा सगळा अंदाज त्या तासाभरात बदलला.

गाडी होती हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही मोटरसायकल. जुनी, विकायला निघालेली. घेणाऱ्या ताई पशुवैद्य. राहायला राजारामपुरीत आणि काम पन्हाळ्यामागच्या वाड्यांवर. रोजचं येणं-जाणं पन्नास-साठ किलोमीटर, त्यातली सात-आठ किलोमीटर जांभ्याची कच्ची वाट, पावसात साबणासारखी. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६२ किलो. बरोबर कृत्रिम रेतनाचं द्रव नायट्रोजनचं भांडं. आदल्या संध्याकाळी विकणाऱ्याच्या दारात गाडी वळवताना ती त्यांच्या हातून आडवी झाली होती आणि एकटीला उचलता आली नव्हती. "सगळे म्हणतात हलकी गाडी आहे. मग मला का उचलेना, दादा?" एवढाच त्यांचा प्रश्न.

प्रश्न रास्त होता. कंपनीच्या आकड्यात ही गाडी पेट्रोलसकट १६० किलोच्या आसपास आहे. सीटची उंची ८२५ मिलिमीटर, जमिनीपासून पोटाची उंची २२० मिलिमीटर. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. या किमतीत खडबडीत वाटेसाठी इतकी सरळ बेतलेली गाडी दुसरी चटकन सापडत नाही. पण समोर उभी होती ती जाड पाइपच्या गार्डची, दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायचे पत्र्याचे सॅडल स्टे, मागे टॉप बॉक्स, चार जादा दिवे, अशी सजलेली गाडी.

काट्यावर वजन घ्यायची एक पद्धत आहे. एक चाक काट्यावर, दुसरं चाक काट्याइतक्याच जाडीच्या फळीवर. फळी नसेल तर गाडी तिरकी राहते आणि वजन एकाच चाकाकडे सरकतं. टाकी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर १३ लिटरच्या टाकीत नऊ-साडेनऊ किलोचा फरक पडतो. गॅरेजातल्या पोराने बाजूने नुसती बोटं लावून तोल धरायचा, रेटायचं नाही. पुढचं चाक ८४, मागचं १०२. एकूण १८६ किलो.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० भरल्या टाकीनिशी १९६ किलोची आहे आणि तिला ४० पीएसचं इंजिन आहे; पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप. इथे १९ पीएसच्या आसपास ताकदीची गाडी तिच्यापेक्षा फक्त दहा किलोंनी हलकी उरली होती. म्हणजे वजन जवळपास मोठ्या गाडीचं, जोर मात्र छोट्या गाडीचा. याहून तोट्याचा व्यवहार नाही.

मग एकेक वस्तू उतरवून तोलली. टॉप बॉक्स प्लेटसकट ७.१ किलो. सॅडल स्टे ५.२. गार्ड ६.४. जादा दिवे क्लॅम्पसकट १.६. सीटमागे पट्ट्याने बांधलेली हत्यारांची पिशवी ३.९ किलो, त्यात या गाडीला न लागणारे दोन पाने आणि एक भला मोठा हातोडा. सगळं मिळून २४.२. पुन्हा काट्यावर: पुढे ८०, मागे ८२.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा दुसरा आकडा. चोवीस किलो निघाले त्यातले वीस मागच्या चाकावरून निघाले. टॉप बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतो, त्यामुळे तो मागच्या चाकावर स्वतःच्या वजनाहून जास्त भार टाकतो आणि पुढचं चाक तेवढंच उचलतो. सपाट डांबरावर हे जाणवत नाही. चढाच्या वाटेवर पुढचं चाक माती धरत नाही, हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते. माणूस घाबरून क्लच दाबतो, गाडी थांबते, पाय टेकायला जागा नसते आणि आडवी होते. वाड्यांवरून येणाऱ्या गाड्यांचं मोडलेलं डावं लिव्हर बऱ्याचदा हीच हकीकत सांगतं.

काटा परत दिला आणि शॉकअपकडे वळलो. मागचं चाक अधांतरी करून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या बोल्टपर्यंत अंतर मोजायचं. मग गाडी जमिनीवर, स्वार बसलेला, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून हँडल धरलेलं, आणि तेच अंतर पुन्हा. दोन्हींतला फरक म्हणजे बैठक. मागच्या शॉकअपची चाल, म्हणजे चाक वर-खाली व्हायची जागा, १७० मिलिमीटर, तेव्हा बैठक तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, ५५ ते ६० मिलिमीटर असावी. सकाळी सगळं सामान असताना ताईंना बसवून हे माप आधीच घेऊन ठेवलं होतं: ८१. निम्मी चाल बसल्या जागी संपलेली. खड्ड्यात मागचा शॉकअप तळाला ठोकत होता तो यामुळेच, शॉकअप गेला म्हणून नव्हे. विकणाऱ्याने तो बदलायचा खर्च किमतीत धरला होता, तो वाचला. सामान उतरवून प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग एक खाच फिरवली, बैठक ५७ वर आली. प्रीलोड फिरवल्याने स्प्रिंग कडक होते असं पुष्कळजण समजतात. तसं होत नाही. स्प्रिंग तीच राहते, गाडीची उभी राहायची उंची तेवढी बदलते. म्हणून जादा वजन हे प्रीलोडने झाकायचं दुखणं नव्हे.

बाकी तपासणीत तीन गोष्टी निघाल्या. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं की बरोबर मधोमध खटकन बसायचं, म्हणजे कोनसेटला, हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला, खाच पडलेली. वॉशिंगवाल्याच्या पाण्याचा फवारा तिथेच रोखून मारला की ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या कोरड्या पडतात. कोनसेट नवा टाकला. दुसरं, मागच्या चाकाचे स्पोक पान्याने वाजवून पाहिले. बाकीचे टणटण, दोन ठप्प. ते एकदम आवळायचे नसतात. पाव-पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, बघायचा. नाहीतर ढिला स्पोक घट्ट होतो आणि रिम लंबगोल.

तिसरी गोष्ट बारीक, पण मी ती प्रत्येक स्पोकच्या गाडीत बघतो. मागच्या ट्यूबचा वॉल्व्ह रिममधून सरळ न निघता तिरका झुकला होता. त्याचा अर्थ गाडी फार कमी हवेवर पळवली आहे. टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढत नेतो आणि एक दिवस वॉल्व्ह बुडातून फाटतो. त्याला पंक्चरचा तुकडा लागत नाही, ट्यूबच बदलावी लागते. टायर उतरवून ट्यूब सरळ बसवली. ताईंना हवा सांगितली ती कच्च्या वाटेसाठी: पुढे २२, मागे २५ पीएसआय. त्याखाली पकड वाढते हे खरं, पण जांभ्याच्या धारदार चिऱ्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि सापाच्या दाताच्या खुणेसारखी दोन भोकं पडतात. डांबरावर हवा पुस्तिकेप्रमाणे. बरोबर ठेवायला ट्यूब एकच, २१ इंचाची. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकात दुमडून घालून घरापर्यंत येता येतं. उलटं जमत नाही.

चेन विकणाऱ्याने चांगली ताणून ठेवली होती, गिऱ्हाइकाला छान दिसावी म्हणून. लांब चालीच्या गाडीत ते घातक. मागचं चाक वर जातं तशी चेन आणखी ताणते आणि सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. पुस्तिकेतल्या मापाएवढी ढील दिली आणि स्वाराला बसवून पुन्हा तपासली.

दुपारी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या वर, लाल मातीच्या उतारावर गाडी मुद्दाम निजवली. रस्त्यालगतच, मळलेल्या जागेत. पठारावरच्या गवतात कोणीही चाक घालू नये, जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो आणि एका पावसात चाकोरीची घळ होते. उचलायची रीत अशी: आधी किल स्विचने इंजिन बंद, पहिला गिअर. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड अगोदरच उघडायचा, नाहीतर उचलताना ती पलीकडे कोसळते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. सीटला पाठ लावून गुडघे वाकवायचे, एक हात खालच्या ग्रिपवर, दुसरा फ्रेमला, आणि पाठ ताठ ठेवून टाचांनी मागे लहान लहान पावलं. पहिल्या खेपेला ताई हातांनी ओढत होत्या, गाडी हलेना. दुसऱ्या खेपेला पायांनी रेटलं आणि उभी राहिली. नंतर चढाच्या बाजूनेही उचलली.

इथे मला माझं एक मत बदलावं लागलं. गार्ड काढून टाकायचं मी ठरवून टाकलं होतं. पण गार्डशिवाय गाडी पार सपाट निजते आणि उचलायचा पहिला वीतभर प्रवास सगळ्यात जड असतो. शिवाय पाय खाली सापडण्याची भीती. मोबाइलला रेंज नसलेल्या वाटेवर एकटीने फिरणाऱ्या बाईसाठी ते ६.४ किलो वाहणं परवडतं. गार्ड परत लावला.

नायट्रोजनचं भांडं तोललं तर ५.६ किलो. ते उभंच राहायला हवं, आणि झाकण हवाबंद करायचं नाही, आतला वायू सतत बाहेर पडत असतो, कोंडला तर भांडं फुटू शकतं. म्हणून बॉक्समध्ये ठेवणं बादच. मागच्या सीटवर रबरी बूड असलेली सपाट पट्टी बोल्टने बसवली आणि भांडं दोन पट्ट्यांनी अ‍ॅक्सलच्या पुढे जखडलं. सगळं धरून १७४ किलो.

जाताना ताईंनी विचारलं, नवीन घेतली असती तर? एक्सपल्स २१० ला लिक्विड कूलिंग आणि सहावा गिअर आहे, २४.६ पीएस, पण १६८ किलोपासून पुढे. हायवे जास्त असेल तर तीच घ्यावी. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, १९ आणि १७ इंची अलॉय, ट्यूबलेस टायर. पंक्चर झटपट निघतं, पण अलॉय दगडावर वाकला तर गावात सरळ होत नाही. त्यांच्या वाटेला स्पोकच बरे.

तीनशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली होती, आवळलेले स्पोक तेवढ्यात बसतात म्हणून. एकच स्पोक पाव फेरा ढिला निघाला. वॉल्व्ह सरळ होता. डाव्या ग्रिपच्या टोकाला लाल माती आणि गार्डवर ताजा ओरखडा होता. "दोनदा पडली," ताई म्हणाल्या, "दोन्हीदा मीच उचलली."